मृगातल्या तेजोमेघांचे लाँग एक्स्पोजर फोटो: साधनं, गणितं आणि नेहमीच्या चुका

अंधारयात्री :

"मृगाचा फोटो काढला, तारे आले, पण तेजोमेघ कुठाय?" हा प्रश्न दर थंडीत चार-पाच धाग्यांवर येतो आणि उत्तरं सगळीकडे विखुरतात. म्हणून हा एकच धागा. विषय फक्त मृग. चंद्र, आकाशगंगेचा पट्टा, ताऱ्यांची वर्तुळं इथे नकोत.

गणितांसाठी एक जोडी ठरवून घेऊ, नाहीतर जो तो आपल्या लेन्सचे आकडे टाकेल. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा (पिक्सेल ३.९ मायक्रॉन) आणि १३५ मिमी एफ/२.८ लेन्स. यात चौकट साधारण १० बाय ६.६ अंशांची येते. बाणाच्या वरच्या टोकाचा मिंटाका ते बाणाखालच्या फिकट ओळीचं खालचं टोक हे अंतर साडेपाच अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे दोन्ही भाग एका चौकटीत बसतात. एक पिक्सेल सुमारे ६ विकला झाकतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

६ विकलांच्या हिशोबात एम ४२ (बाणाखालच्या ओळीतला मोठा तेजोमेघ, ओरायन नेब्युला) साडेसहाशे पिक्सेल रुंद येतो, कारण तो आकाशात ६५ कला पसरलाय, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट. हॉर्सहेड (घोड्याच्या डोक्यासारखा काळा मेघ) मात्र जेमतेम ८ कला उंच, म्हणजे ८० पिक्सेल. फोनवर अख्खा फोटो बघून "घोडा आला नाही" म्हणणाऱ्यांनी आधी शंभर टक्के झूम करून बाणाच्या खालच्या टोकाच्या ताऱ्याच्या, अल्निटाकच्या खाली बघावं.

वेळ: पुण्या-मुंबईहून एम ४२ याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ) सुमारे ६६ अंश उंच येतो. डिसेंबरच्या मध्यावर रात्री साडेबाराला, जानेवारीच्या मध्यावर साडेदहाला, फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठला. त्याच्या अलीकडे-पलीकडे पावणेचार-पावणेचार तास तो ३० अंशांच्या वर असतो. ३० अंशांखाली घेतलेल्या फ्रेम धुरकट हवेमुळे पिवळट येतात आणि उरलेल्या स्टॅकचाही (एकमेकांवर जुळवून एकत्र केलेल्या फ्रेमचा) दर्जा उतरवतात. कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष या तीन अमावास्या धराव्यात. मार्गशीर्ष पौर्णिमेला चंद्र मृगाच्याच आसपास असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलंय. ती रात्र झोपायची.

अवांतर: जूनमध्ये "मृग लागला" म्हणतात तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात असतो. तेव्हा ढग नसते तरी हे तारे दिसले नसते.

पिंपळपान :

वाचनखूण साठवली. ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर वळवणारं यंत्र) नाही, साधा ट्रायपॉड आहे, कॅमेरा-लेन्स अगदी वर दिलेलीच. ५०० च्या नियमाने (५०० भागिले फोकल लेंग्थ, एपीएस-सीला ती दीडपट धरून) अडीच सेकंद येतात. चालेल?

आयएसओ८००:

नाही चालणार. तो नियम फिल्मच्या काळातला, छोट्या प्रिंटसाठी होता. मृग खगोलीय विषुववृत्तावर बसलाय, तिथे तारे सर्वात वेगाने सरकतात, सेकंदाला १५ विकला. अडीच सेकंदांत ३७ विकला, म्हणजे सहा पिक्सेल. तारा टिंब न राहता तांदळाचा दाणा होतो.

एनपीएफ सूत्र वापरा: ३५ गुणिले एफ-आकडा, अधिक ३० गुणिले पिक्सेलचे मायक्रॉन, भागिले फोकल लेंग्थ. (३५ × २.८ + ३० × ३.९) ÷ १३५ = १.६ सेकंद. बहुतेक कॅमेऱ्यांत १.६ हे सेटिंग असतं. ५० मिमी लेन्स असेल तर याच सूत्राने ४.३ येतात, ४ सेकंद घ्या.

मग आयएसओ ३२००, रॉ, आणि १००० फ्रेम. हजार ऐकून दचकू नका, सगळे मिळून २७ मिनिटांचाच प्रकाश आहे. दर ५ मिनिटांनी नक्षत्र चौकटीत सव्वा अंश पश्चिमेला सरकतं, तेव्हा दर १० मिनिटांनी परत मध्यावर आणायचं. आधीच थोडं पश्चिमेकडे ढकलून चौकट लावली तर नक्षत्र मधून जातं आणि खेपा निम्म्या होतात. नेमकं त्याच जागी बसवायचा अट्टहास नको. जागा थोडी बदललेलीच बरी, का ते डार्क फ्रेमवर (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) चर्चा होईल तेव्हा कळेल.

मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर. आरशाचा कॅमेरा असेल तर मिरर लॉक. दीड सेकंदाच्या फ्रेममध्ये आरशाच्या धक्क्याचा वाटा मोठा असतो. सेंटर कॉलम खाली, स्टॅबिलायझेशन बंद, 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद. हे शेवटचं चालू राहिलं की प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून बसतो आणि अर्धी रात्र वाया जाते.

पिंपळपान :

मग ट्रॅकरवाल्यांच्या २७ मिनिटांत आणि माझ्या २७ मिनिटांत फरक काय? प्रकाश तर तेवढाच.

आयएसओ८००:

प्रकाश तेवढाच, पण कॅमेरा प्रत्येक फ्रेम वाचताना थोडा गोंगाट मिसळतो. तुमच्याकडे हजार वेळा, ६० सेकंदांच्या फ्रेम घेणाऱ्याकडे २७ वेळा. एम ४२ तेजस्वी आहे, त्याला फारसं बिघडत नाही. हॉर्सहेडच्या मागचा तांबडा पडदा इतका फिका असतो की तो या गोंगाटातच बुडतो. साध्या ट्रायपॉडवर एम ४२ आणि त्याच्या वरचा रनिंग मॅन तेजोमेघ छान येतील, अल्निटाकजवळचा फ्लेम तेजोमेघ ओळखू येईल. घोड्याची आशा धरू नका.

सुतारपक्षी :

ट्रॅकरचा खर्च नको असेल तर घरी बार्न डोअर (बिजागरीवर उघडणाऱ्या दोन फळ्यांचा ट्रॅकर) बनवा. १८ मिमी प्लायच्या दोन फळ्या, एका कडेला लांब पियानो बिजागरी, आणि एम ६ चा थ्रेडेड रॉड. एम ६ ची चुडी (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमीची असते. मिनिटाला एक फेरा द्यायचा तर बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून रॉडच्या मध्यापर्यंतचं अंतर २२८.५ मिमी हवं. पृथ्वी १४३६ मिनिटांत फिरते, त्याला २ पायने भागलं की हा आकडा निघतो. एक मिलिमीटर चुकलं तर ६० सेकंदांत ४ विकलांची चूक, पिक्सेलपेक्षा कमी. म्हणजे घरच्या मोजपट्टीनेही जमतं, पण बिजागरीला हालचाल-ढिलाई अजिबात नको. फळ्या उघडून हाताने आडव्या हलवून बघा. कटकट आवाज आला तर ती बिजागरी परत करा.

उत्तरेकडे तोंड करून उभं राहिल्यावर बिजागरी डाव्या हाताला, आणि तिची रेघ ध्रुवताऱ्याकडे. वरची फळी उघडत जाते. हाताने फिरवणार असाल तर दर १५ सेकंदांनी पाव फेरा. १३५ वर पाव फेऱ्याचा धक्का ठळक दिसतो, ५० वर त्यापेक्षा कमी. १३५ साठी मिनिटाला एक फेरा देणारी गियर मोटर लावा.

सरळ रॉड दोन्ही फळ्यांना पक्का आवळू नका. तो फळ्यांबरोबर झुकायला मोकळा हवा, नाहीतर अडकतो आणि फळी झटके देत उघडते. १०-१५ मिनिटं झाली की रॉड मागे आणून नव्याने सुरुवात, कारण सरळ रॉडची चूक वेळेबरोबर वाढत जाते.

नटबोल्ट :

सुतारपक्षी +१. माझी भर तयार ट्रॅकरवाल्यांसाठी, कारण महाराष्ट्रात त्यांच्या सूचना-पुस्तिकेतलं चित्र फसवतं. ती चित्रं युरोपातल्या ४०-५० अक्षांशांची असतात. आपल्याकडे ध्रुवतारा पुण्यात साडेअठरा अंशांवर, नागपुरात एकवीस, गोव्यात साडेपंधरा. याचे तीन परिणाम होतात.

पहिला, उत्तरेला डोंगर किंवा झाड असलेली जागा बाद. सह्याद्रीत दरीकाठी जागा निवडताना सगळे दक्षिण-पूर्वेचं मोकळं आकाश बघतात आणि ध्रुव मागच्या कड्याआड जातो. दुसरा, वेज (ट्रॅकरचा तिरका बैठा भाग, ज्याने अक्षांश लावतात) १५ अंशांपर्यंत खाली येतो का ते विकत घेण्याआधी बघा. तिसरा, ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवायची सवय सोडा. इतक्या कमी अक्षांशाला अक्ष जवळजवळ आडवा असतो आणि प्रतिवजनाचा दांडा खाली आला की तो नेमका त्याच पायावर आपटतो. दोन पायांच्या मधली मोकळी जागा उत्तरेला ठेवा.

ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे, तो सुमारे ४० कला बाजूला आहे. ट्रॅकरच्या ध्रुव बघायच्या नळीतल्या वर्तुळावर तो घड्याळात कितीवर हवा हे फोनवरची ॲप्स दाखवतात. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहावरून ध्रुव शोधा.

किती अचूक हवं? ध्रुव जुळवण्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तर ६० सेकंदांत तारा फार तर ८ विकला घसरतो, आपल्या जोडीत सव्वा पिक्सेल. १० कलांची चूक असेल तर अर्धाही पिक्सेल नाही. तेव्हा १३५ ला तासभर जुळवत बसायची गरज नाही. ३०० मिमीला मात्र पिक्सेल २.७ विकलांचा होतो, तिथे हीच अर्ध्या अंशाची चूक तीन पिक्सेल खाते.

जुळवल्यावर कॅमेरा चढवताना ट्रायपॉड हलतो. कॅमेरा आणि लेन्स आधी चढवा, तोल साधा, मग ध्रुव जुळवा, आणि चौकट लावून झाली की पुन्हा एकदा नळीतून बघा. तोल पूर्वेकडे किंचित जड ठेवा, गियरचे दात एकाच बाजूला टेकून राहतात.

शर्मिष्ठा :

फोकसवर कोणीच बोललं नाही, आणि रात्र सगळ्यात जास्त वेळा तिथेच वाया जाते.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, रिंग खुणेच्या पलीकडेही फिरते. व्याध किंवा राजन्य (रायगेल) मध्यावर आणा, लाइव्ह व्ह्यू १० पट, आणि तारा सगळ्यात लहान होईपर्यंत रिंग हलवा. तिथे थांबू नका. थोडी पलीकडे न्या, तारा पुन्हा फुगू दे, मग परत या. दोन्ही बाजूंनी येऊन मधली जागा सापडली की ती खरी. बाहतिनोव मास्क (फोकससाठी लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी) असेल तर मधली रेघ फुलीच्या बरोबर मध्यावर. मग रिंगवर कागदी चिकटपट्टी. सेलोटेप थंडीत सुटते.

थंडी वाढली की लेन्स आकुंचन पावते. रात्री आठला लावलेला फोकस अकराला तसाच राहत नाही. दर तासाला एक फ्रेम झूम करून बघायची. जांभळी कडा सगळ्या ताऱ्यांभोवती वाढू लागली तर फोकस सरकलाय. एफ/२ किंवा एफ/१.८ च्या लेन्स पूर्ण उघड्या वापरल्या तर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, एफ/२.८ ते एफ/४ वर आणा.

पिंपळपान :

फ्रेममध्ये एक विचित्र गोष्ट दिसतेय. मित्राच्या ट्रॅकरवरच्या ६० सेकंदांच्या फ्रेम बघतोय. बाण आणि एम ४२ यांच्या मधल्या पट्ट्यात बारीक, आखूड रेघा आहेत. कधी दोन, कधी चार. सगळ्या एकाच दिशेला, सगळ्यांची लांबी सारखी, दीडशे पिक्सेलच्या आसपास. विमान तर नक्की नाही. ट्रॅकर मध्येच झटका मारतोय का?

नटबोल्ट :

झटका असता तर सगळ्या ताऱ्यांना शेपटी आली असती.

अंधारयात्री :

भूस्थिर उपग्रह आहेत. तुमच्या आकड्यांवरूनच ओळखता येतं. ते जमिनीच्या हिशोबाने जागचे हलत नाहीत, ट्रॅकर मात्र ताऱ्यांबरोबर सेकंदाला १५ विकला वळतो. ६० सेकंदांत ९०० विकला, भागिले ६, बरोबर १५० पिक्सेल. दिशा नेहमी पूर्व-पश्चिम.

आता ते तिथेच का? हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर आहेत. ताऱ्यांइतके लांब नसल्याने आपण उत्तरेकडून बघतो तेव्हा ते खगोलीय विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला सरकलेले दिसतात. पुण्याच्या अक्षांशावरून ही रांग उणे ३.२ अंश क्रांतीवर (म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या ३.२ अंश दक्षिणेला) पडते. अल्निटाक उणे २ वर, हॉर्सहेड उणे अडीचच्या जवळ, एम ४२ उणे ५.४ वर. म्हणजे रांग घोड्याच्या पाऊण अंश खालून जाते, तुम्ही म्हणता त्याच पट्ट्यातून. दिल्लीहून हीच रांग उणे ४.८ वर, थेट रनिंग मॅनवरून. आणि लडाखात हान्लेहून जवळपास एम ४२ च्या अंगावरून. देशातल्या सर्वात काळ्या आकाशांपैकी एकाखाली गेल्यावर ही रांग नेमकी तिथे आडवी येते, याला काय म्हणावं!

उपाय सोपा आहे. फ्रेम भरपूर घ्या आणि स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग (बाकीच्यांपेक्षा फार वेगळे आकडे गाळणारी पद्धत) निवडा, साधी सरासरी नको. एखाद्या पिक्सेलवर १२० फ्रेमपैकी ३-४ मध्येच रेघ असेल तर ती गाळली जाते. १०-१२ फ्रेममध्ये मात्र गाळायला आधारच मिळत नाही, रेघा अंधुक उरतात. किंचित तिरक्या रेघा जुन्या, कक्षा कललेल्या उपग्रहांच्या.

पिंपळपान :

हे भारीच आहे. साध्या ट्रायपॉडवर मग ते टिंब म्हणून दिसतील?

अंधारयात्री :

हो. तारे सरकतात, ते तिथेच. फ्रेम जुळवल्यावर त्यांच्या टिंबांची माळ होते, तीही क्लिपिंगमध्ये जाते.

धुरकट :

शहरातल्या गच्चीवरून यातलं काय शक्य आहे? पूर्वी सोडियमचे दिवे होते तेव्हा फिल्टर लावून बरं चालायचं म्हणतात.

आयएसओ८००:

सोडियमचा पिवळा प्रकाश मोजक्या तरंगलांबींवर असायचा, फिल्टर तेवढाच कापायचा. पांढरे एलईडी सगळ्या रंगांत पसरलेले असतात, त्यामुळे जुने सिटी-लाइट फिल्टर आता रंग बिघडवण्यापलीकडे फार काही करत नाहीत. चालतात ते दोन पट्ट्यांचे: एक ५००.७ नॅनोमीटरच्या ऑक्सिजनभोवती, दुसरी ६५६.३ च्या हायड्रोजन-अल्फाभोवती. एम ४२, फ्लेम, हॉर्सहेड यांना उपयोगी. मृगातल्याच एम ७८ तेजोमेघाला नाही, कारण तो स्वतः चमकत नाही, ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करतो. राजन्यजवळच्या विच हेड तेजोमेघाचंही तेच. फार अरुंद पट्टीचा फिल्टर एफ/२ लेन्सला लावू नका; तिरप्या किरणांमुळे पट्टी निळ्याकडे सरकते आणि हायड्रोजनच निसटतो.

गच्चीवर फ्रेमची लांबी हिस्टोग्रामवरून ठरवा. टेकडी डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवी. अंधाऱ्या गावात एफ/२.८, आयएसओ ८०० ला ६० सेकंदांत ती तिथे येते, शहरात १०-१५ सेकंदांतच. टेकडी अर्ध्याच्या पुढे गेली की ताऱ्यांचे रंग जळून पांढरे होतात. काक्षी (बीटलज्यूस) नारिंगी दिसली नाही तर एक्स्पोजर जास्त झालंय असं समजा.

खरं सांगायचं तर फिल्टरच्या पैशांत पेट्रोल टाकून वांगणीच्या किंवा भंडारदऱ्याच्या पुढे जावं. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, देशातला पहिलाच.

शर्मिष्ठा :

फिल्टरपेक्षा मोठा अडथळा कॅमेऱ्यातच असतो. सेन्सरपुढची काच त्वचेचे रंग नीट यावेत म्हणून लाल कापते, आणि ६५६.३ चा हायड्रोजन-अल्फा त्यात ढोबळमानाने पावच उरतो. म्हणून साध्या कॅमेऱ्यातला एम ४२ गुलाबी-निळसर येतो (त्यात ऑक्सिजन आणि परावर्तित प्रकाश भरपूर आहे), पण हॉर्सहेडमागचा तांबडा पडदा आयसी ४३४ आणि मृगाभोवतीची मोठी फिकट कमान बर्नार्ड लूप हे जवळजवळ निव्वळ हायड्रोजनचे, त्यामुळे ते उपाशी राहतात.

काच बदलून घेता येते, त्याला मॉडिफाइड कॅमेरा म्हणतात. मग दिवसाचे फोटो लालभडक येतात, वॉरंटी जाते, आणि बदललेल्या काचेची जाडी मूळच्यापेक्षा वेगळी असेल तर ऑटोफोकस चुकतो. घरातला एकमेव कॅमेरा असेल तर मी हे सुचवणार नाही. साध्या कॅमेऱ्याने घोडा हवा असेल तर अंधाऱ्या आकाशाखाली एफ/२.८ ला किमान दोन तास जमवा. ६० सेकंद × १२० फ्रेम, आयएसओ ८००.

अवांतर: हा घोडा डोळ्यांनी नाही, फोटोतच सापडला. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या काचपट्टीवर विल्यमिना फ्लेमिंग यांनी तो ओळखला. त्याआधी ३० सप्टेंबर १८८० ला हेन्री ड्रेपर यांनी एम ४२ चा फोटो घेतला होता, कुठल्याही तेजोमेघाचा पहिला. ११ इंची दुर्बीण, ५१ मिनिटांचं एकच एक्स्पोजर.

सुतारपक्षी :

५१ मिनिटं एका दमात! तिकडे स्टॅकिंग नव्हतं, ट्रॅकिंग घसरलं की प्लेट गेली.

धुरकट :

डार्क फ्रेमबद्दल दोन मतं वाचली. घ्यायच्या की नाही?

नटबोल्ट :

घ्यायच्या. रात्र संपताना लेन्सला झाकण, व्ह्यूफाइंडरलाही झाकण, तोच आयएसओ, तेवढेच सेकंद, २०-३० फ्रेम. त्याच थंडीत, जागेवरच. घरी येऊन घेतल्या तर तापमान बदलतं आणि डार्क करंट दर ६-७ अंशांना साधारण दुप्पट होतो. चुकीची डार्क वजा केली की फोटोत काळे ठिपके पडतात.

आयएसओ८००:

इथे मी असहमत. थंड न केलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरचं तापमान रात्रभर बदलतं, पहिली फ्रेम आणि शंभरावी फ्रेम सारखी नसतेच. त्या अर्ध्या तासात आणखी ३० लाइट फ्रेम (आकाशाच्या नेहमीच्या फ्रेम) घ्या आणि डिदरिंग करा: दर १०-१२ फ्रेमनंतर चौकट १५-२० पिक्सेल कुठेतरी हलवा, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेला. गरम पिक्सेल सेन्सरवर जागचे हलत नाहीत, तारे हलतात. क्लिपिंग त्यांना गाळतं. ट्रायपॉडवाल्यांना वर तेच म्हटलं होतं. न हलवता १२० फ्रेम घेतल्या तर ध्रुवाच्या बारीक घसरणीमुळे गोंगाटाच्या तिरप्या ओळी उमटतात, पाऊस पडल्यासारख्या. त्या डार्कने जात नाहीत.

नटबोल्ट :

डिदरिंग हवंच, त्यावर वाद नाही. पण जुन्या कॅमेऱ्यांत कडेला जांभळी झळ येते, ती डिदरिंगने जात नाही, डार्कनेच जाते. आपल्या कॅमेऱ्यात आहे का ते बघायला झाकण लावून ६० सेकंदांची एक फ्रेम घ्यायची आणि कॉम्प्युटरवर उजळ करून बघायची. झळ नसेल तर तुमचं मान्य.

आयएसओ८००:

हे ठीक. फ्लॅट (लेन्सची कडेची काळोखी आणि धूळ काढण्यासाठी सपाट पांढऱ्या उजेडाच्या फ्रेम) मात्र दोघांनीही घ्या, त्यावर तडजोड नाही. लेन्सवर पांढरा टी-शर्ट सुरकुत्या न पडता ताणून रबरबँडने बसवायचा, समोर टॅबलेटचा पांढरा स्क्रीन. फोकस, एफ-आकडा, आयएसओ तेच. ॲपर्चर प्रायॉरिटीवर हिस्टोग्राम मध्यावर, २०-३० फ्रेम. शटर १/३० पेक्षा जलद येत असेल तर स्क्रीनच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टे येतात; कापडाची आणखी एक घडी घाला. बायस (कॅमेऱ्याचा वाचण्याचा गोंगाट मोजणाऱ्या फ्रेम) ५०, सगळ्यात जलद शटर, झाकण लावून.

पिंपळपान :

एम ४२ चा मधला भाग पांढरा गोळा होतोय. आयएसओ कमी करू?

शर्मिष्ठा :

आयएसओ नाही, वेळ. मध्य आणि कडा यांच्या तेजात फरकच इतका आहे की एका लांबीत दोन्ही मावत नाहीत. मुख्य १२० फ्रेम ६० सेकंदांच्या, त्याशिवाय ५ सेकंदांच्या २० आणि १ सेकंदाच्या २०. तिन्ही गट वेगळे स्टॅक करायचे, एकमेकांवर जुळवायचे, आणि मध्यावर मऊ कडेचा मास्क लावून छोट्या एक्स्पोजरचा भाग आत आणायचा. मास्कची कड कडक राहिली तर मध्यावर बिल्ला चिकटवल्यासारखं दिसतं.

एम ४२ च्या मध्यातल्या ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे दिसावेत ही अपेक्षा १३५ ला नको. त्यांचा सगळा पसारा २० विकलांच्या आसपास, म्हणजे तीन-चार पिक्सेल. एकच टपोरा तारा दिसणार.

धुरकट :

स्टॅकिंगला सिरिल हे सॉफ्टवेअर वापरतोय. 'डिस्क स्पेस' म्हणून अडतं. १००० फ्रेम, ८० जीबी मोकळे.

अंधारयात्री :

अडणारच. २४ मेगापिक्सेलची एक रंगीत फ्रेम ३२ बिटमध्ये २८८ एमबी. स्क्रिप्ट दुरुस्त केलेली एक प्रत ठेवते, जुळवलेली दुसरी, शिवाय मूळ रूपांतर ४८ एमबी. म्हणजे फ्रेममागे सव्वासहाशे एमबी. १२० फ्रेमला ७५ जीबी, हजारला सहाशेच्या वर. सेटिंगमध्ये १६ बिट करा, जवळपास निम्म्यावर येईल. तेही पुरणार नाही, म्हणून १०० फ्रेमचे दहा गट करा, एकेक स्टॅक करून मधल्या फाइल पुसा, शेवटी दहा निकाल पुन्हा जुळवून स्टॅक करा. गटांचे निकाल मात्र ३२ बिटमध्येच सेव्ह करा.

स्टॅक झाल्यावर क्रम असा: आधी कडा कापा, मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (आकाशाचा पसरलेला उजेड वजा करणं), मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या ठाऊक रंगांवरून रंग बसवणं), आणि सगळ्यात शेवटी स्ट्रेच (फिका भाग उजळ करणं). रंगांच्या टप्प्याला फोकल लेंग्थ आणि पिक्सेलचा आकार विचारतो, तिथे १३५ आणि ३.९.

बॅकग्राउंड काढताना सगळ्यात जास्त घात होतो. मृगात 'रिकामं आकाश' जवळपास नाहीच, सगळीकडे फिकी धूळ आणि हायड्रोजन. चौकटभर नमुन्याचे ठिपके टाकून चौथ्या डिग्रीचं पॉलिनोमियल लावलं तर बर्नार्ड लूप प्रकाशप्रदूषण समजून पुसला जातो. पहिल्या डिग्रीवर राहा, ठिपके हाताने टाका, आणि बाण ते एम ४२ हा पट्टा पूर्ण सोडा. ग्राक्सपर्टसारखं आपोआप करणारं साधन वापरलं तर त्याने काय वजा केलं ते चित्र उघडून बघा. त्यात लाल कमान दिसली तर ते साधनाने तेजोमेघच उचललाय.

पिंपळपान :

शेवटचं. दवामुळे लेन्स धुकट होते. पुसत राहायचं का?

शर्मिष्ठा :

पुसायचं नाही, फोकस हलतो आणि कापडाचे ओरखडे पुढच्या फ्लॅटमध्ये दिसतात. हूड लावा, आणि यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी पुढच्या काचेच्या जवळ गुंडाळा, फोकस रिंगवर नाही. ५ वॅटची पट्टी १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर सहा तास जाते. कॅमेऱ्यासाठी वेगळी बँक ठेवा. पट्टी दव पडल्यावर नाही, सुरुवातीलाच चालू करायची आणि त्यानंतर १५-२० मिनिटांनी फोकस लावायचा, कारण गरम झालेल्या लेन्सचा फोकस वेगळा येतो. वायर ट्रायपॉडच्या पायाला बांधून टाका, नाहीतर ट्रॅकर वळताना तीच ओढली जाते.